खाऊ ओळखा, जवाईबापू

हात चालू ठेवा पोरांनो, उद्या सकाळच्या लग्नाचे चाळीस हार बाकी आहेत. झेंडू सरला की ती दुसरी टोपली ओढा. तोवर मी तुम्हाला एक सांगतो. पुस्तकातलं नाही, या भिंतीपलीकडचं आहे.

आपला चंदन. गाणे लिहितो हे तुम्हाला माहीतच आहे. लग्नाचे, मंडळांचे, निवडणुकीचेही. पण मागच्या वर्षी श्रावण लागला अन् त्याला ओळ सुचणंच बंद झालं.

तुम्ही म्हणाल, पंजाबकाकाला कसं माहीत. अरे, त्याची गॅलरी अन् माझी गॅलरी लागून, मधात कमरेएवढी भिंत. मी काही कान लावून बसत नाही, पण ऐकू येतं त्याला काय करणार? पेन आपटल्याचा आवाज. कागद फाडल्याचा आवाज. मग त्याची बायको रागिणी म्हणे, "जेवून तं घ्या," अन् हा म्हणे, "तू जेव न, मले कावून विचारून राहिली?" सकाळी कचऱ्याच्या बादलीत कागदाचे बोळे. चार-दोन मी उघडून पाहिले, खोटं कशाला बोलू. दर कागदावर एकच ओळ, अन् तीही खोडलेली. कागद फाटेस्तोवर खोडलेली. खालचा भाग कोराच होता, तो मी फुलांच्या पुड्यांना वापरला.

एक दिवस मी त्याला म्हटलं, "चंदन, येवढं खोडतोस त्यापेक्षा एखादी ओळ राहू दे न बापा. वाईट तं वाईट."

तो म्हणाला, "काका, वाईटही सुचून नाही रायलं. हे कोजागिरीचं गाणं झालं नाही तं मी वह्या जाळतो. मंग तुमच्या दुकानात हार गुंफाले बसवा मले."

मस्करीत म्हणाला असं मला वाटलं. त्याच्या तोंडाकडे पाहिलं, तर मस्करी नव्हती.

कोजागिरीचं गाणं म्हणजे भुलाबाईचं. अकोल्याच्या एका महिला मंडळाला नवं गाणं पाहिजे होतं. योगेश, तुला भुलाबाई माहीत नसेल, तुम्ही पोरं. भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत पोरी संध्याकाळी घरोघर भुलाबाई-भुलोजी मांडतात, फेर धरून गाणे म्हणतात. गाणे झाले की खाऊ. पण खाऊ असा हातात मिळत नाही. ज्या घरी गेल्या तिथली बाई झाकलेला डबा आणते, कानाशी वाजवून दाखवते, आणि म्हणते, ओळखा. गोड का तिखट, कोरडं का ओलं. ओळखलं तर पोरी जिंकल्या. नाही ओळखलं तर म्हणायचं, हरलो. अन् जो हरलो म्हणेल, त्यानेच आपल्या हाताने झाकण उघडायचं. चंदनला बहिणी चार, हा शेंडेफळ. लहानपणी त्यांच्या मागे मागे फिरून यानंच सगळे खाऊ ओळखले, असं त्याची आई सांगायची.

तर चार ऑक्टोबर, शनिवार. सोमवारी कोजागिरी. चंदन सकाळीच मोटरसायकलने अकोल्याला गेला. जुन्या शहरात त्याचा दोस्त अय्युब, त्याच्या घराच्या माडीवर रेकॉर्डिंगची खोली आहे. अय्युबने धून बांधून ठेवली होती.

अय्युब म्हणाला, "चंदनभाई, धून तयार. ढोलकीवाला तयार. कोरसच्या पोरी उद्या अकराले येतात. अल्फाज कोठी हायेत?"

"होऊन रायले."

"दो महिने से होऊनच रायले तुमचे. उद्या नाही आले तं मी दुसऱ्याले सांगतो. दोस्ती आपल्या जागी, पन मंडळाच्या बाया मले जिता नाही सोडत."

मग रागिणीनेच फोनवर सुचवलं. बार्शीटाकळीला तिची मावशी आहे, जाईबाई. ऐंशीच्या पुढची. तिला भुलाबाईची जुनी गाणी पाठ. तिच्याजवळ दोन घटका बसा, काही तरी हाताला लागेल. चंदनला दुसरा मार्ग नव्हता. गेला.

जाईबाई वाल सोलत बसली होती. याने वही काढली, पेन काढलं.

"मावशी, जुनं एखादं सांगा न. कसं सुचे तुमाले?"

"सुचत नसते बाप्पा. हात चालले की तोंडात येते."

"म्हणजे?"

"म्हणजे तू हे पेन ठेव अन् वाल सोल."

यानं दीड तास वाल सोलले. म्हातारी एका गाण्याची अर्धी ओळ बोलली अन् भिंतीला टेकून झोपली. चंदन मला सांगे, "काका, त्या वक्ताले मले रडू आलं. एवढा माणूस, अन् मांडीवर वालाचे टरफलं घेऊन बसलो."

निघाला तेव्हा आठ वीस झाले होते. काही रात्र नाही. अकोल्याचा रस्ता, येणारी-जाणारी गाडी चालू. शेतांत सोयाबीन काढून झालेलं, दोन दिवसांवर पुनव, चांदणं चांगलं होतं. गाडीवर तो स्वतःलाच शिव्या देत होता. मोठ्यानं.

बार्शीटाकळी सोडून पाच-सहा किलोमीटर आला असेल. डावीकडे एक पांदण जाते, वावरांमधली बैलगाडीची वाट. त्या पांदणीतून गाण्याचा आवाज आला.

फेराचं गाणं. पोरींचा आवाज.

त्याने गाडी बंद केली. धून ओळखीची वाटली, पण शब्द लागेनात. गाडी पांदणीच्या तोंडाशी लावून तो पुढे गेला. पन्नास पावलांवर एक घर, मातीचं, सारवलेलं अंगण, कोनाड्यात दिवा. अंगणात पोरी फेर धरून. आता शब्द कळतील म्हणून त्याने मोबाईलवर रेकॉर्डिंग चालू केलं, अन् मोबाईल शर्टाच्या खिशात टाकला. हे ध्यानात ठेवा. खिशात.

जवळ गेला तरी शब्द लागेनात. मग त्याच्या लक्षात आलं. शब्द नव्हतेच. पोरी नुसत्या धून म्हणत होत्या. हं हं हं... हं हं हं...

ओट्यावर एक बाई बसली होती. वयस्क, डोक्यावर पदर. ती म्हणाली, "या जवाईबापू. चपला तिकडेच काढा."

त्याला नवल वाटलं नाही. बायकोच्या गावाकडला जवाई, कोणी ओळखत असेल. चपला काढून तो पाटावर बसला.

"मावशी, गाण्याले शब्द नाहीत का जी?"

"होते. सरले."

"सरले म्हणजे?"

"किती वर्सं तेच ते म्हणाव बापू? झिजले. पोरी कट्टाळल्या. नवं कोणी देत नाही."

चंदनला हसू आलं. म्हणाला, "मंग आपलं जमलं. माह्याजवळही नाहीत."

बाई हसली नाही. तिनं मांडीवरचा डबा पुढे ठेवला. पितळेचा, वर फडकं बांधलेलं. म्हणाली, "ओळखा."

आता दोन महिने ज्याला ओळ सुचली नाही, त्याला निदान हे तर येत होतं. तो म्हणाला, "वाजवा."

तिने डबा हलवला. खुळखुळ.

"फुटाणे," हा म्हणाला. अन् सवयीने, लहानपणी बहिणींसोबत म्हणायचा तसं जोडून दिलं, "डब्यात काय, फुटाणे गं, सासू घालते उखाणे गं."

"नाही," बाई म्हणाली.

पण पोरींनी ते उचललं. त्याच धुनीवर. डब्यात काय, फुटाणे गं... सासू घालते उखाणे गं... पहिल्यांदा शब्द आले त्यांच्या तोंडात. तो मला सांगे, "काका, तहानलेलं माणूस पाणी पिते न, तशा म्हणत होत्या."

घरी असता तर ही ओळ त्याने कागद फाटेस्तोवर खोडली असती. इथे खोडायला कागदच नव्हता.

"वाजवा पुन्हा."

या वेळी डबा डुचमळला. आत पातळ काही तरी.

"डब्यात काय, बासुंदी गं, नणंद माझी आनंदी गं."

"नाही."

पोरींनी तेही घेतलं. मग हा थांबेचना. शेंगोळे म्हणाला, सांजोऱ्या म्हणाला, मुरमुरे, आवळे, तिळाची चटणी. दर वेळी पुढची ओळ आपोआप येई. त्याला इतकं बरं वाटत होतं की सांगता येत नाही. कोणी तरी छातीवरचा दगड काढून घेतल्यासारखं. त्या पहिल्या पाच-दहा मिनिटांवर, तो म्हणे, मी जिंदगी ओवाळून टाकली असती.

मग त्याला एक गोष्ट समजली.

डबा आधी वाजत नव्हता आता. हा आधी बोलायचा. मग डबा वाजायचा. हा मुरमुरे म्हणाला की डब्यात मुरमुरे वाजत. आवळे म्हणाला की आवळे गडगडत. जे म्हणेल ते. तरी बाई म्हणे, नाही.

"मावशी, लय झालं. आता निघतो."

"ओळखल्याबिगर उठाचं नाही, बापू."

पोरी जवळ आल्या होत्या. फेर आता त्याच्याभोवती होता. आधी सात मोजल्या होत्या. आता मोजल्या तर... त्याने मोजणं सोडून दिलं. एकीचाही चेहरा दिव्याच्या उजेडात येत नव्हता. दिव्याजवळून जात, तरी येत नव्हता.

"आणखी," एक म्हणाली. लहान आवाज.

हा म्हणाला. काय म्हणाला, त्याला आठवत नाही.

"नाही."

"आणखी."

हरलो म्हणायचं, अन् सुटायचं. पण हरलो म्हटलं की झाकण आपल्या हाताने उघडावं लागतं...

त्याने फडक्याकडे पाहिलं. फडकं वर होत होतं. खाली होत होतं. हळूहळू. झोपलेल्या माणसाच्या छातीसारखं.

"आणखी, जवाईबापू."

ओळी सरल्या होत्या. पुन्हा तेच. दोन महिने घरी होतं तेच. डोक्यात काही नाही. काहीच नाही...

अन् तोंडातून तेच निघालं.

"डब्यात काय, काहीच नाही गं."

बाईनं डबा हलवला.

आवाज नाही.

फेर थांबला.

कोणी ती ओळ उचलली नाही. पुढची अर्धी ओळ त्याच्या तोंडात आली नाही. सगळ्या उभ्या... वाट पाहत.

तो उठला. पळाला. अनवाणी.

अय्युबने मला स्वतः सांगितलं. "काका, साडेनऊले दरवाजा ठोकला. नंगे पाव. म्या म्हटलं पानी पी, तं म्हने आधी वही दे." बसून त्यानं बावीस ओळी लिहिल्या. एक खोडली नाही. रविवारी रेकॉर्डिंग झालं, सोमवारी कोजागिरीला दोनशे बायांनी त्या गाण्यावर फेर धरला. ती पांदण अय्युबने नंतर जाऊन पाहिली. पांदण आहे. पुढे सोयाबीनचं वावर आहे. घर नाही. चपलाही नाहीत.

काय म्हणालीस, खुशी? भास झाला असेल? मीही तेच म्हटलं होतं. उपाशी माणूस, डोकं तापलेलं, म्हातारीची अर्धी ओळ कानात. झालं असेल.

आठ-दहा दिवसांनी मी त्याच्याकडे गेलो. तो लिहीत बसला होता. हल्ली तो लिहीतच असतो, भिंतीपलीकडून पेनाची करकर बंद म्हणून होत नाही. मी विचारलं, "चंदन, ते रेकॉर्डिंग ऐकलं का रे तू?"

"नाही."

"मी ऐकू?"

त्याने मान वर न करता मोबाईल सरकवला.

ऐकलं. चंदनचा आवाज आहे. फुटाणे, बासुंदी, सगळं. बाईचा आवाज नाही, पोरींचा नाही. एकटाच बोलतो, थांबतो, पुन्हा बोलतो. मला वाटलं, चला, भासच होता. मग शेवटची ओळ आली, काहीच नाही गं. शांतता. पळाल्याचा आवाज. गाडीची किक.

अन् गाडी लांब गेली.

समजलं का तुम्हाला? मोबाईल त्याच्या खिशात होता. गाडीचा आवाज अकोल्यापर्यंत सोबत यायला पाहिजे. पण गाडी लांब गेली... आणखी लांब... मग ऐकूच येईनाशी झाली. अन् रेकॉर्डिंग तिथेच, अंगणात, चालू.

चार मिनिटं काही नाही. रातकिडे.

मग फडकं सोडल्याचा आवाज. झाकण निघाल्याचा.

मग पोरी. हळू आवाजात, सगळ्या मिळून.

डब्यात काय, काहीच नाही गं...
जवाई अजून गेला नाही गं...

मी मोबाईल खाली ठेवला. समोर चंदन बसला होता. लिहीत होता. त्याने मान वर केली नाही.