थिजलेलं रान

ऐनवाडीच्या रानात आता चालायचं म्हणजे पाचोळ्यातून वाट फोडावी लागे. सहा वर्षांची पानं साचून रास कमरेला लागली होती. तळातलं पान उपसून पाहिलं तरी शिरा न् शिरा शाबूत, जणू सकाळीच गळलेलं. वर मात्र भर श्रावणात फांद्या उघड्या होत्या.

"झाडं उपाशी आहेत, वनिताताई," डॉ. उत्तरा बेडेकर म्हणाल्या.

वनिता झोरे ही वनसमितीची राखणदार. फावडं टेकवून तिनं विचारलं, "एवढ्या पानांत उभी राहून उपाशी?"

"अशा रानाची माती मुळात गरीब असते. पावसानं धुऊन निघालेली. नत्र, स्फुरद, सगळं झाडांच्याच अंगात. पान पडतं, बुरशी आणि जीवाणू ते कुजवतात, आणि त्यातलं सत्त्व मुळांना परत मिळतं. ते परत मिळणं आम्ही थांबवलं."

थांबवलं होतं ते थिजाणूनं. पान कुजताना त्यातला कार्बन हवेत जातो आणि पृथ्वीचा ताप वाढवतो. तो पानातच थिजून राहावा म्हणून घडवलेला हा जीवाणू. त्याच्या स्रावानं कुजवणारे सगळे जीव निष्क्रिय होत. उत्तराबाईंच्याच संस्थेनं तो इथं फवारला होता. आता उतारा तयार होता: थिजाणूला खाणाऱ्या बुरशीची चाळीस पिंपं. गावात तिला विरजण म्हणत. दुसऱ्या दिवशी फवारणी ठरली होती. ग्रामसभेत सगळ्यांत आधी हात वर झाला होता तो वनिताचा.

त्याआधी थिजाणू किती खोल उतरलाय ते पाहायचं होतं. एका ऐनाच्या बुंध्याशी वनिता खणू लागली. दोन हात खाली फावडं मऊ कशाला तरी लागलं. तिनं हातानं माती सारली. हिरव्या लुगड्याचा तुकडा दिसला.

वनिताचे हात थांबले.

"ही माझ्या लुगड्याची किनार," ती म्हणाली.

तिची पहिली मुलगी अकरा दिवस जगली होती. फवारणी झाली त्याच महिन्यात गेली. पुरायला नवरा आणि दीर आले होते. जागा तिला कुणी कधी दाखवली नव्हती.

"ताई, उघडू नका," उत्तराबाई कशाबशा म्हणाल्या. पण वनितानं कापड सोडलं होतं.

मुलगी तशीच होती. मिटलेल्या पापण्या, मनगटावर काळा दोरा, कपाळाला चिकटलेली जावळाची बट. सहा वर्षं मातीत राहून ओठांची मुरडसुद्धा हललेली नव्हती. पान आणि देह यांत फरक करायला थिजाणूला कुणी शिकवलंच नव्हतं.

वनिता रडली नाही. लेकराला मांडीवर घेऊन तिनं चेहऱ्यावरची माती पदरानं टिपली. मग तिनं विचारलं, "मॅडम, उद्या विरजण मारलं की हिचं काय होईल?"

"जे तेव्हाच व्हायला हवं होतं, ते. ती मातीत मिसळेल. मग या झाडात जाईल."

"मग उद्या नाही."

"ताई, झाडं पुढचा उन्हाळा काढणार नाहीत."

"माझा हात वर होता ना? तो खाली घेतला म्हणून सांगा त्यांना."

संध्याकाळपर्यंत वाडीभर बातमी झाली. दुसऱ्या दिवशी पिंपांभोवती माणसं होती, पण फवारायला आलेली नव्हे, अडवायला आलेली. वाडीत मेलेल्याला रानातच पुरायची रीत; त्यानंतर जो तो आपल्या माणसाची जागा खणू लागला. कुणाला आई सापडली, कुणाला भाऊ. ठराव एकमतानं रद्द झाला. उत्तराबाईंनी सभेत पुन्हा सगळं समजावलं. लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं, विरोधात एक शब्दही कुणी काढला नाही, आणि बाजूनं एकही हात उठला नाही.

फाल्गुनात डोंगराचा अर्धा उतार वठला. उत्तराबाई मेलेल्या झाडांच्या नोंदी घेत असताना खालच्या रस्त्यावर एक गाडी थांबली. निवृत्त मास्तर वाटावेत असे गृहस्थ उतरले. शर्टाच्या बाह्या नीट दुमडलेल्या, डोळे सुजलेले. मागच्या सीटवर पांढऱ्या चादरीत कुणीतरी झोपवलेलं होतं.

"पहाटे गेली," ते म्हणाले. "तुम्हीच ना त्या डॉक्टर? एवढंच सांगा, पाचोळ्याचा थर सगळ्यांत जाड कुठं आहे?"