डाव्या पिळाची गाठ

ताईबाई धुळ्याच्या बाजारात निघाली ती नातवाच्या झबल्याचं कापड आणायला. आता यात भ्यायचं काय? आपल्याकडे तान्ह्याचं पहिलं झबलं घरातल्या वडीलधाऱ्याच्या जुन्या कपड्याचं शिवतात. मऊ असतं, आणि थोरामोठ्यांची माया बाळाला लागते म्हणतात. पण तिचा नवरा हिलाल पावसाळ्यात छातीच्या दुखण्यानं गेला, आणि कपडे त्याच्याबरोबरच जळाले.

घरच्या मागावर लुगडी विणायचा तेव्हा नुसता काठ बघून बाया सांगत, हे हिलालभाऊचं. मग माग मोडला, तो गिरणीत लागला. बारा वर्षं एकच काम. धागा तुटला की टोक जिभेनं ओलं करायचं आणि डाव्या हातानं गाठ मारायची. ते कापड कुठं गेलं, कोण नेसलं, देव जाणे. जेवतानाही डाव्या हाताची मेली दोन बोटं एकमेकांवर चोळतच असायची. आणि घरात त्याच्या हातची एक चिंधी उरली नाही, याचंच ताईबाईला रडू यायचं.

“मना मालकना हातनं कापड शे का?” गिरणीचं कापड विकणाऱ्या दुकानदार रुपचंदला तिनं विचारलं.

“अक्का, शंभर हातांतून जातं ते. कुणाचं म्हणून सांगू?”

ती ताग्यांवरून बोटं फिरवत राहिली. एका जागी थांबली. गाठ होती, पीळ डावीकडे. तिनं तिथंच पदर तोंडाला लावला.

तेच कापड घेऊन घरी आली, झबल्यापुरतं फाडलं. सुई आणायला आत गेली, परत आली तर... फाटलेलं सगळं सांधलेलं. धाग्याधाग्याला डाव्या पिळाची गाठ, आणि प्रत्येक गाठ ओली.

ती भ्याली नाही. कापड मांडीवर घेऊन बसली.

“आजून सुटी नही भेटनी का तुमले?” ती हळूच म्हणाली. “ऱ्हाऊ द्या आते... नातूनं झबलं शे.”

पुन्हा फाडलं. या वेळी फाटलेलं तसंच राहिलं. दुपारपर्यंत झबलं झालं. तिनं स्वतः बाळाला घातलं, पाठीवर बंद बांधले, तेव्हा कुठं जीव निवला.

तेवढ्यात गिरणीचा भोंगा झाला. आठ दिवसांच्या बाळानं झोपेतच डावी मूठ उघडली आणि ते दोन बोटं एकमेकांवर चोळू लागलं.

“माय, कसा हात हलावस देख...” बाळंतपणाला आलेली लेक शेवंता कौतुकानं हसली.

ताईबाईनं बाळाला उचलून पालथं घेतलं आणि बंद सोडायला हात घातला. सुटेनात. तिनं बांधलेली गाठ तिथं नव्हतीच. होती ती डाव्या पिळाची, आणि अजून ओली होती.