उलटे घुमट

"हे घुमट उलटे कसे?" पेटीवर वाकून शाल्मलीने विचारले.

"तू दगड उलटे ठेवलेस, म्हणून," खोदू म्हणाला.

खोदू हा यंत्रमानव. २०६३ सालच्या त्या हिवाळ्यात तो अरवलीच्या डोंगरात खोल छिद्रे पाडत होता आणि त्यांतून कोअर (दगडाचा काकडीएवढा जाड, लांब दांडा) बाहेर काढत होता. वर येताना दांड्याचे तुकडे होत. ते पेटीच्या खाचांत, वहीत लिहितो तसे डावीकडून उजवीकडे, ओळीखाली ओळ लावायचे काम अकरा वर्षांच्या शाल्मलीचे होते. सुट्टीत ती आबांच्या, म्हणजे भूवैज्ञानिक आजोबांच्या, तळावर आली होती. सौरविजेच्या नव्या बॅटऱ्यांसाठी जस्त हवे होते. इथल्या चुनखडकात जस्ताचे आणि शिशाचे कण सापडले होते. मोठा साठा मात्र सापडत नव्हता. आता एकच छिद्र पाडायचे उरले होते आणि ते पूर्वेला पाडायचे जवळजवळ ठरले होते.

चुनखडकात एकावर एक पालथ्या घातलेल्या वाट्यांसारख्या रेषा होत्या. हे स्ट्रोमॅटोलाइट (प्राचीन उथळ समुद्रात सूक्ष्मजीवांनी थरावर थर चढवून बांधलेले घुमट). ते उजेडाकडे, म्हणजे वरच्या दिशेने वाढतात. वरच्या चुनखडकात त्यांची फुगीर बाजू वर होती. साठ मीटर खालच्या चुनखडकात मात्र ती खाली होती.

"मानवी चुकीची शक्यता शहाण्णव टक्के," खोदू म्हणाला.

"आणि यंत्राच्या चुकीची?"

"तो आकडा माझ्याकडे नाही."

तळप्रमुख तडवीमॅडम म्हणाल्या, "होतं गं असं. पण शेवटचं छिद्र या पेट्या बघूनच ठरणार. उद्यापासून पेट्या खोदूच लावेल."

शाल्मली आबांकडे वळली. "मी नीट लावल्यात, आबा."

आबा चष्मा पुसत राहिले. चारचौघांत बोलणे त्यांना कधीच जमत नसे. "माझं चुकत असेल," ते हळूच म्हणाले, "पण मोडलेलं बिस्कीट आपण जोडून बघतो ना?"

शाल्मलीने डोळे पुसले. अगदी वरच्या मातकट तुकड्यापासून तिने सुरुवात केली. एकाचे मोडलेले टोक दुसऱ्याच्या टोकाला लावून पाहायचे, मग पुढचा तुकडा. एकही उलटा असता, तर टोके जुळली नसती. दुपार टळली. शेवटचा तुकडाही अचूक बसला.

"म्हणजे दगड जमिनीतच उलटा आहे!" ती ओरडली. "पण अख्खा थर उलटा होईल कसा?"

आबांनी गळ्यातला मफलर टेबलावर पसरला. त्याच्या एकाच बाजूला नक्षी होती; ती बाजू त्यांनी वर ठेवली. "दोन्हीकडून ढकल."

मफलर मध्येच उंच उचलला गेला. "ही वळी (दाबामुळे खडकाच्या थराला पडलेली घडी). आणखी ढकल."

वळी एका कुशीवर आडवी पडली. वरच्या पदराची नक्षी वर, खालच्या पदराची खाली.

"आम्ही दोन वेगळे थर समजत होतो," तडवीमॅडम पुटपुटल्या. "हा तर एकच थर!"

"जिथं तो वळतो, तिथं दगड सर्वांत जास्त तडकतो," आबा म्हणाले. "खोलातलं खारट, गरम पाणी विरघळलेले धातू घेऊन त्या भेगांत शिरतं आणि तिथंच खनिजं साठतात. आपल्याला नुसते कण मिळाले; मुख्य साठा वळणात असेल. असेल, म्हणतोय मी."

शाल्मली नोंदवही चाळत होती. "आधीच्या, पूर्वेकडच्या छिद्रात दोन चुनखडकांमध्ये नव्वद मीटर अंतर होतं. इथं साठच. आबा, पश्चिमेकडे ते जवळ येतायत! वळण तिकडंच आहे!"

तडवीमॅडमनी नकाशावरची पूर्वेची खूण पुसली.

चौथ्या दिवशी पश्चिमेच्या छिद्रातून आलेला तुकडा आकाराच्या मानाने फारच जड होता. त्यात शिशाचे करडे, चकाकणारे चौकोनी स्फटिक होते आणि जस्ताचे मधाच्या रंगाचे खनिज पसरले होते. आबांनी तो भिंगातून निरखला. मग पलीकडच्या डोंगररांगेकडे बोट दाखवून म्हणाले, "तिथंही वळ्या आहेत."

"शाल्मली, हातमोजे घाल," तडवीमॅडम म्हणाल्या. "यात शिसं आहे. आणि पेट्या तूच लाव."

खोदूने तुकडा तिच्या हातात दिला.

"यंत्राच्या चुकीचा आकडा आता माझ्याकडे आहे," तो म्हणाला. "एक."