केबल काढलेली होती

विश्वास ठेवा किंवा नका ठेवू, यातला एक शब्दही मी पदरचा घातलेला नाही. हे माझ्या सख्ख्या मामांच्या बाबतीत घडलंय. गेल्या वर्षी, एका रविवारी, दुपारी चार वाजता. त्यांच्याच घरातल्या मागच्या खोलीत.

तीस वर्षांपूर्वी मामांचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. त्यांना एकच मुलगी. बारा वर्षांची.

तिच्यासाठी त्यांनी कॉम्प्युटर आणला होता. जुन्या काळातला... कीबोर्डच्याच पेटीत सगळं, टीव्हीला जोडायचा. फ्लॉपी वाचायला बाहेरून वेगळा ड्राइव्ह. पोरगी दिवसभर त्याला चिकटलेली असायची.

परीक्षेत मार्क घसरले. मामांनी रागाच्या भरात तो ड्राइव्ह उचलला आणि दुकानात सुट्या भागांसाठी खोलून टाकला.

ती वह्या घेऊन अभ्यासाला बसली.

आठवड्याभरात तिला ताप भरला. तिसऱ्या दिवशी ती गेली.

मागे एक फ्लॉपी राहिली. वर तिच्या अक्षरात... 'फक्त बाबांसाठी'.

तीस वर्षं मामा तसला ड्राइव्ह शोधत होते. शेवटी एका भंगारवाल्याकडे मिळाला. प्लग बसला, पण कॉम्प्युटर आठ नंबरच्या ड्राइव्हला हाक मारायचा आणि हा निघाला नऊ नंबरचा. मामांनी आत बारीक तार जोडून नंबर बदलला. फ्लॉपी वाचणारं आतलं हेड स्पिरिटने पुसलं. ड्राइव्ह फिरू लागला.

पण स्क्रीनवर दर वेळी तेच... डिस्क वाचता येत नाही.

तीन आठवड्यांच्या डोकेफोडीनंतर उलगडा झाला. ड्राइव्ह भलत्याच कॉम्प्युटरचा होता. त्याची वाचायची पद्धतच वेगळी. ही फ्लॉपी त्याला जन्मात वाचता आली नसती.

"पुरे करा आता," मामी दारातून म्हणाल्या. "किती जिवाला लावून घ्याल?"

मामांनी कॉम्प्युटरला जोडलेली केबल काढली. ड्राइव्हची विजेची वायर भिंतीवरच्या सॉकेटमधून उपसली. डोक्याला हात लावून बसून राहिले.

आणि...

खर्र... खर्र...

ड्राइव्ह फिरत होता.

दिवा लागला होता. केबल मामांच्या मांडीवर होती.

मामींनीही पाहिलं. त्या दारातच थिजल्या.

टीव्हीवर एकेक अक्षर उमटू लागलं. इंग्रजी लिपीत, पण मराठी...

'बाबा, अजून रागावलात?'

मामा एका बोटाने एकेक बटण शोधू लागले. 'नाही बाळा'. एवढंच लिहायचं होतं. पण चष्मा ओला झालेला. शेवटचं अक्षर काही दिसेना.

"हे इथं आहे," मामी जवळ येत हळूच म्हणाल्या.

ते उमटलं. आता फक्त एंटर दाबायचं होतं.

मामांनी बोट पुढे नेलं...

आवाज थांबला. दिवा विझला. स्क्रीन कोरी.

पुढे मामांना अगदी बरोबर ड्राइव्ह मिळाला. त्यात फ्लॉपी घातली, तेव्हा मी शेजारीच उभी होते.

फ्लॉपी रिकामी होती. तिच्यावर कधी काही लिहिलंच गेलं नव्हतं.

आता मी गेले की मामा एकच विचारतात.

"पोचलं असेल का गं तिला?"

मी हो म्हणते. मामी तेवढ्यापुरत्या उठून आत जातात.