जर्मनचा वर्ग वरच्या मजल्यावर

"जर्मनचा क्लास हाच ना?"

दारातल्या मुलानं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता मागच्या बाकावर बसूनही घेतलं. ऑक्टोबरच्या उकाड्यानं शर्ट पाठीला चिकटलेला, केस विस्कटलेले... आणि डोळे मात्र अगदी ताजेतवाने.

नूपुर साळवेचं बोलणं अर्ध्यावर थांबलं. गिरगावातल्या चर्चच्या तळमजल्यावर दर शनिवारी संध्याकाळी ती तरुणांचा अभ्यासवर्ग घ्यायची. एरवी ती परळच्या एका हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट. वडील याच चर्चचे पाळक, म्हणजे धर्मगुरू होते, पण पाचशे वर्षांपूर्वीच्या एका जर्मन साधूचं, ल्यूथरन पंथाच्या संस्थापकाचं लिखाण आजच्या मुलांना सोपं करून सांगायची हौस तिची स्वतःची.

जर्मनचा वर्ग खरं तर वरच्या मजल्यावर भरायचा. ते सांगायला तिनं तोंड उघडलंही... पण तो वही उघडून इतका मन लावून बघत होता, की ती पुढे बोलू लागली.

"तर त्या जर्मन साधूला वाटायचं, कितीही उपास केले, कितीही गुडघे झिजवले, तरी आपण देवाला पुरे पडत नाही. मग पवित्र शास्त्र वाचता वाचता त्याला उमगलं, देवाची कृपा ही मजुरी नाही. ती आधीच दिलेली असते. माणूस चांगलं वागतो ते ती मिळवायला नव्हे, मिळाली म्हणून. झाड काही कैऱ्या देऊन आंब्याचं होत नाही; आंब्याचं असतं म्हणून कैऱ्या देतं ना?"

मागून हात वर आला. "मॅडम, व्याकरण कधी सुरू होणार?"

हॉलभर हशा पिकला.

"व्याकरण वरच्या मजल्यावर. इथे नुसता जर्मन माणूस आहे."

"मग आधी का नाही सांगितलंत?"

नूपुर पुस्तकाची पानं चाळू लागली. कानाच्या पाळ्या तेवढ्या गरम झाल्या होत्या.

तो उठला, दारापर्यंत गेला आणि वळला. "पण एक सांगा, सगळं आधीच मिळालंय म्हटल्यावर माणूस चांगलं वागेलच कशाला?"

"त्याच्यासाठी पुढच्या शनिवारी यावं लागेल."

तो आला. त्याच्या पुढच्या शनिवारीही आला. वरचा वर्ग सुटला रे सुटला, की जिन्यावरून धडधडत खाली यायचा. त्याचं नाव संघर्ष तांबे. लालबागच्या चाळीतलं बौद्ध घर, हॉस्पिटलात नर्सची नोकरी, आणि जर्मनीत काम मिळावं म्हणून ही भाषेची खटपट. वर्ग संपला की दोघं चौपाटीपर्यंत चालत जायची. 'मॅडम'चं 'नूपुर' कधी झालं आणि 'तुम्ही'चं 'तू' कधी, कुणालाच कळलं नाही.

"आमच्याकडे शिकवतात, स्वतःच स्वतःचा दिवा हो," तो म्हणायचा. "आणि तुमच्याकडे दिवा आयता!"

"आयता म्हणून तर शेजाऱ्यालाही देता येतो. स्वतःपुरता राखून ठेवायची भीती नाही."

"वकील व्हायला हवं होतंस तू."

एका शनिवारी तिनं सांगितलं, की त्या जुन्या लिखाणात कुठलंच प्रामाणिक काम हलकं नाही. बाळाचे लंगोट धुणारा बापही देवाचीच सेवा करतो, पाळकाच्या प्रार्थनेइतकी. चौपाटीच्या वाळूत बसल्यावर एरवी हटकून वाद घालणारा संघर्ष म्हणाला, "आज सकाळी एका आजोबांचं बेडपॅन साफ करत होतो. लाजेनं रडायलाच लागले ते..."

"मग?"

"काय बोलणार? विचारलं, तुमच्या वेळी लालबागमध्ये कबड्डीला कोण भारी होतं? जे सुरू झाले आजोबा, थांबेचनात."

तो हसला. नूपुर हसली नाही. ती नुसती बघत राहिली, आणि त्या क्षणी तिला पक्कं कळलं, की आपण या मुलावर प्रेम करतो.

डिसेंबरात त्याला जर्मनीतल्या हॉस्पिटलाची नोकरी लागली. जानेवारीत निघायचं होतं.

"पप्पांना भेटायला ये," ती म्हणाली.

"आत्ता नको. तिकडे जातो, जम बसवतो, घरच्यांना चाळीतून बाहेर काढतो. मग त्यांच्यासमोर ताठ मानेनं उभा राहीन. अजून मी... तुझ्या लायकीचा नाही, नूपुर."

नूपुर वाळूतून ताडकन उठली. "इतके शनिवार बसून हेच शिकलास? मी काय पगार आहे, राबल्यावर हातात पडणारा? माझं प्रेम आहे तुझ्यावर. आत्ता, असा आहेस तसा!"

शेजारचा भेळवाला मान वळवून बघू लागला. संघर्ष लाजून लालेलाल.

"माझंही..." तो हळूच म्हणाला. "पण मी ख्रिस्ती नाही होणार."

"मी म्हटलं का ख्रिस्ती हो म्हणून? आणि मी बौद्ध नाही होणार."

"मी म्हटलं का?"

मग मात्र दोघंही हसली.

पप्पांना सांगणं सोपं नव्हतं. नूपुर आजवर त्यांची शहाणी मुलगी होती, शास्त्रपाठांत पहिली, कधी उलट न बोललेली. त्यांनी चष्मा काढला. "तो बाप्तिस्मा घेणार?"

"नाही. आणि मी घे म्हणणार नाही. विश्वास जबरदस्तीनं येत नाही, हे तुम्हीच शिकवलंत." "कृपेवर तुमची कितीतरी प्रवचनं ऐकली, पप्पा. आज मला ती कृपा तुमच्याकडून हवीय. तुमच्या मनासारखं वागले नसतानाही."

पप्पा खिडकीशी गेले.

"मला हे पटलेलं नाही, नूपुर." "पण तू माझी मुलगी आहेस, ते काही माझ्या पटण्यावर अवलंबून नाही." मग वळून म्हणाले, "रविवारी उपासनेनंतर जेवायला बोलव त्याला. मटण खातो ना?"

रविवारी संघर्ष इस्त्रीच्या शर्टात आला. "जय भीम, सर."

"सलाम," पप्पा चर्चमधल्या सवयीनं म्हणाले. मग लगेच, "जय भीम. बसा." जेवताना त्यांनी विचारलंच, "आमच्या वर्गात काय शिकलात?"

"खरं सांगू? कृपेचं अजून नीट पटत नाही. पण तुमची मुलगी समोर असली, की थोडं थोडं पटतं."

पप्पांना ठसकाच लागला. पाण्याचा पेला ओठांना लावून ते हसू लपवत राहिले.

निघताना दोघं जिन्यात थांबली.

"लग्नाची नोंदणी करून जा तू," नूपुर म्हणाली. "मी मागोमाग येते. गुडघे तिकडच्या लोकांचेही दुखतातच. पण लग्नाचं विचारणार आहेस, की तेही मीच विचारू?"

"विचारतो ना..." त्यानं घसा खाकरला, कॉलर सारखी केली. "नूपुर, तू—"

"हो."

"अगं, अजून विचारलं कुठे?"

"त्याच्या आधीच हो," ती म्हणाली आणि त्याचा हात घट्ट धरला.