नाताळच्या खंडातली सातवी गोष्ट

२०२२ सालचा डिसेंबर. रावेरला त्या वर्षी थंडी अशी पडली, की केळीच्या पानांना चरका लागून ती कडेने काळी पडली, आणि दिवस कलला की लोक बागांच्या बांधावर ओला पालापाचोळा पेटवून धूर करू लागले. सकाळपर्यंत तो वास गावावर बसून राही. त्याच वासात खोकत इंदिराबाई वाचनालयाचं कुलूप काढायच्या, आणि आत पाऊल टाकताच त्यांचं डोकं फिरायचं ते त्या झाडापायी.

झाड म्हणजे बादलीत उभं केलेलं केळीचं रोप. त्यावर डिंकानं कापूस चिकटवलेला. वाचनालयाचे अध्यक्ष लीलाधर नाना यांना नातीच्या शाळेत बघून ही हौस सुचली होती. झाडापुढे टेबल आणि टेबलावर पाटी : नाताळच्या सुट्टीत हे वाचा.

"नाना, हे झाड नाही, बुजगावणं आहे," इंदिराबाई म्हणाल्या होत्या.

"अक्का, बर्फ कुठून आणू मी रावेरात? कापूस घरचा आहे, गोड मानून घ्या."

सारं गाव इंदिराबाईंना अक्का म्हणे. पोटची पोरंसुद्धा. वाचनालय त्यांनी अर्धं आयुष्य सांभाळलं होतं, आणि ते याच महिन्यात सुटणार होतं. धुळ्याची लेक नाताळच्या दुसऱ्या दिवशी त्यांना कायमचं न्यायला गाडी घेऊन येणार होती. या वेळी नाही म्हणायची सोय नव्हती. अक्कांचा पाय घरातून निघत नव्हता तो नीलेशसाठी. चौदा वर्षांपूर्वी त्यांचा हा विशीतला मुलगा घरात भांडून केळीच्या ट्रकवर दिल्लीला निघाला, वाटेत एका ढाब्यावर चहाला उतरला आणि परत चढला नाही. पोलीस झाले, जाहिराती झाल्या. तो आला आणि दाराला कुलूप दिसलं तर, एवढ्या एका विचारावर अक्कांनी आजवर लेकीला परतवलं होतं.

टेबलावर ठेवायला नाताळच्या गोष्टी आणायच्या कुठून, हा प्रश्नच होता. पण या वाचनालयाची एक जुनी रीत होती. वाचून फाटलेले दिवाळी अंक अक्का उसवत, एका विषयाच्या गोष्टी वेगळ्या काढत आणि शकील बाइंडरकडे देत. शकील खळीत मोरचूद घालून पक्का खंड बांधून देई. त्याच्या पुस्तकाला कधी कसर लागत नसे. यात एक अडचण यायची. कुठल्या गोष्टीचं शेवटचं पान दुसऱ्या गोष्टीच्या पहिल्या पानाच्या पाठीला छापलेलं निघे, आणि दोन्ही वेगवेगळ्या खंडांत जायच्या असत. अशा वेळी अक्का तो शेवट कोऱ्या कागदावर निळ्या शाईनं उतरवून काढत आणि गोष्टीच्या मागे चिकटवत. रावेरच्या वाचकांना अक्कांच्या अक्षरातल्या शेवटाची सवयच होती.

नाताळच्या अशा सहा गोष्टी निघाल्या. खंड तयार झाला, झाडापुढे मांडला, आणि अक्कांच्या डोक्याला ताप सुरू झाला.

पहिली आली मयुरी, शाळेत शिक्षिका होती. खंड परत देताना म्हणाली, सातवी गोष्ट फार आवडली. अक्कांनी तिला सांगितलं, गोष्टी सहा आहेत. मयुरी हसली. मग दुसरं कुणी आलं, तिसरं आलं. सगळ्यांना सातवीच आवडलेली. अक्का प्रत्येकापुढे खंड उघडून पानं उलटून दाखवत. सहावी गोष्ट संपे आणि पुठ्ठा येई. बघणारा पुठ्ठ्याकडे बघे, अक्कांकडे बघे आणि हसून निघून जाई. म्हातारीनं थट्टा आरंभली आहे, असं गावात झालं. अक्कांना आयुष्यात कुणी थट्टेखोर म्हटलं नव्हतं.

त्या तणतणत शकीलच्या दुकानात गेल्या. तो खळ ढवळत होता.

"सात शिवल्या अक्का. सातवी तर तुम्ही मागून आणून दिली. आठवत नाही?"

"मी? कधी?"

"आता हे पण मीच सांगू?" म्हणून त्यानं त्यांना चहा मागवला.

शेवटी अक्कांनी मयुरीला समोर बसवलं आणि म्हणाल्या, आहे ना सातवी, मग सांग. मयुरीनं सांगितली. केळीच्या बागेला लागून घर. एक म्हातारी बाई. मुलगा गेलेला. नाताळची संध्याकाळ, बागांत धूर, आणि ही दाराशी पुस्तक वाचत बसलेली. पायातल्या चपलेच्या अंगठ्याला सेफ्टीपिन.

अक्कांनी पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

"मग वाळक्या पानांवर पावलं वाजतात," मयुरी म्हणाली. "दाराबाहेरून तो म्हणतो, आई, उघड."

"आणि?"

"शेवट सांगितला तर मजा काय राहिली अक्का?"

"मयुरी, मी तुझ्या पाया पडू का?"

मयुरीचे डोळे भरून आले होते. ती म्हणाली, "शेवट तर तुमच्याच अक्षरात आहे. मला कशाला विचारता?"

लीलाधर नानांनीही वाचली होती. त्यांना गाठलं तर ते बादलीतल्या झाडाचा कापूस नीट करत राहिले. वर बघेनात. अक्कांनी दोनदा विचारल्यावर एवढंच म्हणाले, "अक्का, तुम्ही आजच धुळ्याले जा. नाताळाची वाट नका पाहू."

एकीचे डोळे भरतात, एक तोंड चुकवतो, आणि माझ्या घरची गोष्ट मला सोडून सगळ्यांना ठाऊक. अक्कांच्या संतापाला वाट राहिली नाही. मुलगा येणार की नाही, एवढंच तर त्यांना हवं होतं. त्या धुळ्याला गेल्या नाहीत.

नाताळला वाचनालय बंद होतं. अक्कांनी खंड घरी आणला. जेवण आटोपून दाराशी खुर्ची घेतली आणि पहिल्या गोष्टीपासून ओळ न् ओळ वाचायला बसल्या. एकात केक होता, एकात अनाथाश्रम, एकात वसईची म्हातारी. चांगल्या होत्या. सहावी संपली तेव्हा उन्हं बागेच्या शेंड्यावर गेली होती.

पुढे पुठ्ठा होता.

त्यांनी पुठ्ठ्यावर हात फिरवला. खळ ओली लागली, जणू आत्ताच कुणी पान चिकटवून गेलं होतं.

बागांत धूर सुटला. अक्कांनी पुस्तक मिटलं, आणि त्यांच्या ध्यानात आलं की आपण संध्याकाळी दाराशी वाचत बसलो आहोत. त्यांनी उठून दार लोटलं. कडी घातली नाही. कडीवर हात ठेवून तशाच उभ्या राहिल्या.

वाळक्या पानांवर पावलं वाजली.

सावकाश आली. पायरीशी थांबली.

"आई."

आवाज नीलेशचा होता. त्यात शंकेला जागा नव्हती. कातरलेला, थोडा नाकातला. चौदा वर्षांपूर्वी होता तसाच्या तसा, एक दिवसही न वाढलेला.

"आई, उघड."

अक्कांचे डोळे वाहत होते. दाराच्या फटीतून धूर आत येत होता.

"नीलेश," त्या म्हणाल्या, "तू मला काय म्हणतोस रे?"

अक्कांनी कान दाराला लावला.

"सांग. एवढं सांग, उघडते."

बाहेरचं माणूस विचार करत होतं. दारापलीकडे ते कळत होतं.

अक्कांनी कडी घातली.

परत जाणारी पावलं वाजलीच नाहीत. लेक सकाळी आली तेव्हा त्या कडीवर हात ठेवून बसलेल्या होत्या. तिनं अक्का अशी हाक मारली, तेव्हा कडी काढली.

पुढच्या उन्हाळ्यात नाना गेले. झोपेत गेले, त्रास झाला नाही. शकीलनं बांधणीचं काम सोडलं आणि लग्नपत्रिकांचं दुकान टाकलं. सातवीचं नाव काढलं की म्हणतो, शिवणारा वाचत नसतो. वाचनालय मयुरीकडे आलं. दर डिसेंबरला तो खंड कपाटात ठेवावा असं तिला वाटतं, आणि दर वेळी लोक मागून घेतात.

अक्का धुळ्यात तिसऱ्या मजल्यावर राहतात. दिवेलागणीला बेल वाजली तर उठत नाहीत, लेक उघडते. लिहिणं त्यांनी बंद केलं आहे. मयुरी एकदा भेटायला गेली तेव्हा त्यांनी इकडच्या तिकडच्या गप्पा मारल्या, आणि निघताना तिचा हात धरून विचारलं, "माझाच असता तर गं?"

गेल्या नाताळात तोताराम नावाचे नवे वाचक खंड परत द्यायला आले. पोस्टातून निवृत्त झालेले, गावात नुकतेच राहायला आलेले, अक्कांना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. म्हणाले, सातवी गोष्ट सगळ्यांत सरस. धुळ्यातलं तिसऱ्या मजल्यावरचं ते घर, लेक बाजारात गेलेली, म्हातारी एकटी, आणि दाराबाहेर तो मुलगा किती मायेनं हाक मारतो, अक्का, अक्का.

मयुरी म्हणाली, तो आई म्हणतो.

"नाही हो, अक्काच," तोताराम म्हणाले. "शेवट कुणी लिहिलाय? अक्षर फार सुरेख. फक्त वाळू द्यायला हवं होतं."

आणि त्यांनी अंगठा पुढे केला. त्यावर निळी शाई होती.