धावपट्टीवरची वसुबारस

वसुबारसेला दिल्लीकडं कुणी दिवा लावत नाही. त्यांची दिवाळी धनतेरसला उजाडते. आपली मराठी घरं मात्र एक दिवस आधीच पणत्या काढून बसतात. दिल्लीतलं मयूर विहार सोडून सोनिपतच्या पुढं, हायवेलगतच्या नव्या सोसायटीत राहायला आलेल्या वृंदानंही त्या संध्याकाळी पणत्या काढल्या. निम्मे फ्लॅट रिकामे होते आणि धुरकं असं दाटलेलं, की समोरचा टॉवर दिसेना.

पणत्या खरं तर दारात लावायच्या. पण तिचे सासरे भालचंद्र पडले हौशी; उभा जन्म हवाई दलात पोरांना विमान शिकवण्यात गेलेला. सोसायटीच्या मागं सिमेंटचा एक लांब पट्टा होता. दुसऱ्या महायुद्धात शिकाऊ वैमानिकांसाठी बांधलेली धावपट्टी ती. बिल्डरनं तिचा वॉकिंग ट्रॅक करून टाकलेला. बाबांनी पणत्यांचं ताट उचललं आणि नातीला घेऊन थेट तिकडं निघाले; मागोमाग वृंदाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण तेव्हा कुणाला ठाऊक!

"अश्शाच दोन रांगा असायच्या, अवनी," बाबा दोरी धरल्यासारख्या सरळ पणत्या मांडत म्हणाले. "रॉकेलचे दिवे. धुक्यातून पोरगं वरून बघायचं आणि बरोब्बर मधोमध उतरायचं."

"और नहीं दिखा तो? म्हणजे, दिवे दिसलेच नाहीत तर?"

"मग बसायचं बिचारं घिरट्या घालत."

"बाबा, पुरे हं," वृंदा हसत म्हणाली. "तिला रात्री झोप यायची नाही. चला, तुमचा लेक येईलच इतक्यात. या धुरक्यात उन्मेष एकटाच ड्राइव्ह करतोय, माझा जीव टांगणीला लागलाय."

अवनी शेवटची पणती ठेवायला पार पलीकडच्या टोकाला पळाली. आणि तेवढ्यात तो आवाज आला.

हायवेवरची जुनी मोटारसायकल असेल, असं वृंदाला वाटलं. पण आवाज डोक्यावर होता. खोकत, अडखळत तो एक वळसा घालून गेला. पुन्हा आला तेव्हा बराच खाली होता. जळक्या तेलाचा वास नाकात शिरला.

"बाबा... एअरपोर्टचं विमान असेल ना?"

भालचंद्रांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "वृंदा... हे इंजिन आता कुठंच उडत नाही गं."

वारा नव्हता, तरी त्यांच्या पायाशी असलेल्या ज्योती एकदम आडव्या झाल्या. मग पुढच्या. मग त्यापुढच्या. न दिसणारं काहीतरी दोन रांगांच्या मधून अवनीकडं चाललं होतं, आणि पोर तिथंच वर बघत उभी होती.

"अवनी! बाजूला हो!"

अवनी हलली नाही. वृंदाची पाचावर धारण बसली. त्याच्या आधी तिथवर पोचणं शक्यच नव्हतं; पण दिवेच नसले, तर ते उतरणार नाही. वसुबारसेचा दिवा कुणी फुंकूनसुद्धा विझवत नाही, पण तिनं पायानं पणत्या लाथाडायला सुरुवात केली. धावत, ठेचकाळत, तेल सांडत ती एकेक दिवा तुडवत सुटली.

"नको! विझवू नकोस!" मागून भालचंद्र ओरडले. "वर कुणी असताना दिवे घालवत नाहीत... ती पोरं उतरणार कुठं?"

शेवटची पणती विझली आणि इंजिन किंचाळत वर चढलं. वृंदानं अंधारात लेकीला छातीशी घट्ट धरलं. अवनी सुखरूप होती. वृंदा ओक्साबोक्शी रडली.

"आई," अवनी कुजबुजली, "तो तिकडं गेला."

आवाज कुंपणाच्या भिंतीपलीकडं वळत होता. तिथं हायवे होता. धुरक्यातूनही त्याचे दिवे दिसत होते... लांबवर गेलेल्या दोन सरळ रांगा.

वृंदानं नवऱ्याला फोन लावला. उन्मेषनं लगेच उचलला.

"वृंदा... यार, माझ्यासमोर रस्त्यावर काहीतरी उतरतंय..."

त्याच्या शब्दांमागं तेच खोकणारं इंजिन होतं. ब्रेक करकरले. मग विमानाचं इंजिन बंद झालं. सगळं शांत.

"उन्मेष? बोल ना... उन्मेष!"

त्याचा श्वास ऐकू येत होता. आणि गाडीत, त्याच्या अगदी शेजारी, आणखी कुणीतरी धापा टाकत होतं.